त्या दिवशी डोकं दुखत नव्हतं

आधीच सांगून ठेवते, मला कीव नको आहे. कीव करणारे लोक दोन मिनिटं ‘अरेरे’ म्हणतात आणि तिसऱ्या मिनिटाला स्वतःच्या गुडघ्यांवर येतात. मला फक्त एक गोष्ट क्रमाने सांगायची आहे. ती मी वेळेवर कुणालाच क्रमाने सांगितली नाही, आणि सगळा घोळ त्यातूनच झाला.

मी कापड तपासायचे. मागावरून उतरलेलं कापड आमच्या टेबलावर येतं. टेबल म्हणजे तिरकी लावलेली मोठी काच, खाली दिवे. वरच्या रुळावरून कापड त्या काचेवर सरकत खाली येतं आणि समोर बसलेल्या माणसाने डोळ्यांत तेल घालून बघायचं. कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ आलीय, कुठे विणणाऱ्याला डुलकी लागली होती. दोष दिसला की पायाने कळ दाबून रूळ थांबवायचा, लाल धाग्याची खूण बांधायची आणि वहीत लिहायचं. उभ्या धाग्याचा दोष एका रकान्यात, आडव्याचा दुसऱ्या रकान्यात. एकच दोष दोन्हीकडे लिहायचा नाही, नाहीतर एका चुकीसाठी विणणाऱ्याला दोनदा बोलणी बसतात. सव्वीस वर्षं मी हे केलं. कारखान्यात मला घार म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

आणि भोंगा. भोंगा म्हणजे सात नंबरच्या मागावरची माझी मैत्रीण. मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या सगळ्यांचाच आवाज चढा असतो, पण हिचा असा की हिने कानात सांगितलेलं गुपित फाटकावरच्या वॉचमनला कळायचं. एकोणीस वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र खाल्ला. तिला घरी नवरा, दोन मुलं, सासू आणि सासूचं मांजर. मला घरी मी. तिच्या घरची भांडणं ऐकता ऐकता माझा डबा संपायचा. खोटं कशाला बोलू, दिवसभरात मी माणसासारखं बोलायचे ते त्या अर्ध्या तासात.

तर ही भोंगा पाच महिने माझ्याशी बोलत नव्हती. आणि चूक तिचीच आहे, असं मी पाच महिने स्वतःला बजावत होते.

डोकं माझं विसाव्या वर्षापासून दुखतं. अर्धशिशी. डाव्या भुवईवर कुणीतरी खिळा ठोकायला घेतं आणि दीड दिवस ठोकतच राहतं. उजेड नको, आवाज नको, साबणाचा वाससुद्धा नको. त्याची मला सवय झाली होती आणि त्यासाठी माझा एक नियम होता. डोकं दुखत असेल त्या दिवशी टेबलावर बसायचं नाही, सरळ रजा टाकायची. दुसऱ्याच्या मेहनतीवर आजारी डोळ्याने खूण करायची नाही. या नियमाचा मला केवढा ताठा होता म्हणून सांगू! चारचौघांत ऐकवायचे मी तो.

पन्नाशी उलटली आणि डोकं दुखणं आपोआप कमी झालं. म्हटलं, सुटले एकदाची. तर कसलं काय, चक्कर सुरू झाली. घेरी येऊन खाली बसतो तशी साधी नव्हे. पहिल्यांदा आली ती रविवारी दुपारी, न्हाणीघरात कपडे पिळताना. बादली डावीकडे निघाली, भिंत तिच्या मागे निघाली, आणि मी फरशीवर आडवी. डोळे मिटले तरी आतून सगळं फिरतंय. उघडले तर दाराची कडी एका जागी राहीना. उलट्या झाल्या. नळ नीट बंद झाला नव्हता, त्याचा एकेक थेंब कानात हातोड्यासारखा पडत होता, आणि तो नळ माझ्यापासून दोन हातांवर होता. दोन हात! तीन तास मी तो बंद करू शकले नाही. घरात दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, “अरे, तो नळ बंद कर.” एवढंच म्हणायचं होतं मला कुणालातरी.

नंतर भावाला फोन केला. तो लांब असतो. फोन वहिनीने घेतला. “ताई, तुम्ही एकट्या असता ना, मन खातं माणसाला. कुठेतरी मन रमवा.” मी म्हटलं, “वहिनी, मन जागेवर आहे, घर फिरतंय.” तिला वाटलं मी गंमत करतेय. छान हसली आणि मग मुलाच्या परीक्षेचं सांगत बसली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तर कमालच केली. मी भिंत धरून जिना उतरताना दिसले, तर दुसऱ्या दिवशी मला समजुतीने म्हणाल्या, “या वयात नका लागू त्या नादाला.” मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण एकट्या बाईने भिंत धरली की जग बाटली शोधतं.

मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले, कारण चक्कर कानातून येते हे मला ऐकून माहीत होतं. त्यांनी कान तपासले, यंत्र लावलं, मान इकडेतिकडे वळवून पाहिली. कान उत्तम आहेत म्हणाले, गोळ्या दिल्या. डोकेदुखीचं मी त्यांना सांगितलंच नाही. कशाला सांगू? ते कानाचे. डोक्याच्या गोळ्या मी गेली कित्येक वर्षं वेगळ्या डॉक्टरांकडून घेत होते, आणि त्यांना चक्करेचं सांगितलं नाही. ते डोक्याचे. सव्वीस वर्षांची सवय, दुसरं काय. दोन दोष, दोन रकाने.

आणि कारखान्यात कुणालाच काही सांगितलं नाही. घारीला भोवळ येते हे कळलं असतं तर टेबलावर कुणी ठेवलं असतं मला? चक्कर बहुतेक घरी यायची. कामावर आलीच तर बारीक, कडेकडेने यायची. टेबलाची कड घट्ट धरली की निभायचं. कानाचं दुखणं आहे, डोळ्याला काय होतंय, असं मी म्हणायचे.

आता तो दिवस. निळ्या-पांढऱ्या चौकडीचं कापड होतं, बारीक चौकडी, आणि भोंगाच्या मागावरचे तीन तागे. सकाळपासून पायांखाली जरा हललं होतं, होडीत उभं असल्यासारखं, पण डोकं दुखत नव्हतं. म्हणजे नियमाप्रमाणे मी ठणठणीत. पहिला तागा काचेवर आला आणि मला दिसलं की आडव्या रेघा उजवीकडे उतरताहेत. स्पष्ट दिसलं. रूळ थांबवला, परत बघितलं, तरी तेच. मागाचा ताण चुकीचा लावला की आडवा धागा असा तिरका बसतो, आणि तो सगळा दोष विणणारीचा. तिन्ही तागे तसेच दिसले. मी मैत्रीण बघितली नाही. उलट मैत्रीण आहे म्हणून जास्तच कडक झाले, नाहीतर लोक म्हणाले असते, आपला तो बाब्या! तिन्ही ताग्यांना मी लाल धागा बांधला.

आमच्या विणकाम खात्याचे प्रमुख म्हणजे मास्तर. त्यांनी भोंगाला बोलावलं. ती कापडाकडे बघतच राहिली. म्हणाली, “घारे, हे सरळ आहे गं. पट्टी लाव.”

पट्टी! चारचौघांसमोर मला पट्टी लावायला सांगते! माझा पाराच चढला. म्हटलं, “सव्वीस वर्षांत कुणी मला पट्टी लावायला सांगितलेलं नाही. मी खूण केली की झालं.” मास्तरांनीही मान हलवली. कारखान्याची रीतच होती ती, घारीच्या खुणेवर कुणी मोजमाप घ्यायचं नाही. वर मीच म्हटलं, “माझं डोकं आज अजिबात दुखत नाहीये. दुखत असतं तर मी बसलेच नसते.”

भोंगाने मास्तरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. भोंगाने तोंड मिटलं! मला वाटलं, चूक पटली असणार.

तागे फाडून पुसायची फडकी केली गेली. भोंगाचा आधीचाही एक दोष चर्चेत होता, तो धरून तिला सात नंबरवरून काढलं आणि कांड्या भरायच्या खोलीत पाठवलं. कांड्या म्हणजे धाग्याच्या लहान गुंडाळ्या. ते काम नवख्या मुलींचं, नाहीतर नजर गेलेल्या म्हाताऱ्यांचं. ती ना म्हातारी, ना नवखी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन नेहमीच्या बाकावर बसले. ती आली नाही. खरं तर मीही त्या दिवशी लवकर उठून घरी गेले, कारण भुवईवर खिळा ठोकायला सुरुवात झाली होती. त्या खिळ्याचा आदल्या दिवसाशी काही संबंध असेल हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

पाच महिने मी त्या बाकावर एकटी जेवले. तिने माफी मागावी असं मला वाटत होतं. दुसऱ्या कुणाशी बोलावं तर लोक घारीशी जपून बोलतात, उद्या त्यांचाही तागा माझ्याकडे येणारच. घरी रेडिओ लावून ठेवायचे. काही दिवस असे गेले की संध्याकाळी ‘कोण आहे?’ म्हणायला तोंड उघडलं आणि घसा बसलेला निघाला, दिवसभरात वापरलाच नव्हता.

मग गेल्या आठवड्यात दोन्ही एकदम आलं, चक्कर आणि खिळा. डोक्याच्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता, म्हणून एका नवीन डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण पाच-दहा मिनिटं मध्ये न बोलता ऐकणाऱ्या. मी डोक्याचं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “चक्कर येते का कधी?”

“येते, पण ती कानाच्या डॉक्टरांकडे आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “काय आहे त्यांच्याकडे?”

“माझी चक्कर.”

“म्हणजे ठेवायला दिलीय का त्यांच्याकडे?” असं म्हणून त्या हसल्या, आणि मग मात्र हसायच्या थांबल्या. चक्कर किती वेळ टिकते, तेव्हा उजेड सोसतो का, आवाज सोसतो का, लहानपणी गाडी लागायची का. मी एकेक सांगत गेले आणि माझ्याच कानांना ऐकू यायला लागलं की मी तीच तीच उत्तरं देतेय, जी मघाशी डोकेदुखीसाठी दिली होती.

“ही दोन दुखणी नाहीत,” त्या म्हणाल्या. “एकच आहे. याला व्हेस्टिब्युलर मायग्रेन म्हणतात. तुमची अर्धशिशी गेली नव्हती, तिने रूप बदललं. मेंदूत वेदना सांभाळणारी वाट आणि तोल सांभाळणारी वाट अगदी लागून आहेत. भिंतीला भिंत लागलेली घरं असतात ना, एका घरात भांडण लागलं की दुसऱ्या घरातलं पोर उठतं. कधी आधी डोकं दुखतं आणि मग चक्कर येते. कधी चक्कर आधी येते आणि तिच्या धक्क्याने दुसऱ्या दिवशी डोकं उठतं. आणि कधी नुसतीच चक्कर येते, डोकं दुखतच नाही. तिथेच लोक फसतात.”

मला ती निळी-पांढरी चौकडी आठवली. मी विचारलं, “आणि नजर? डोकं दुखत नसताना, नुसत्या चक्करेत, सरळ रेघ तिरकी दिसू शकते?”

“दिसू शकते. शिवाय सरकत्या रेघा, चौकड्या यांच्याकडे बघत राहिलं तर त्यानेच झटका सुरू होऊ शकतो. काम काय करता तुम्ही?”

“घरकाम,” मी म्हटलं.

बघा, कशी धडधडीत खोटं बोलले. तोंडातून गेलंच. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, झोप आणि जेवण वेळेवर ठेवा म्हणाल्या, आणि मी कागद पर्समध्ये घालून बाहेर पडले. झाकली मूठ सव्वा लाखाची. गोळ्यांनी चक्कर आटोक्यात येईल, टेबल राहील, कुणाला काही कळायचं कारण नाही. बसमध्ये मी हेच ठरवत होते. ठरलंही होतं.

पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरताना एका मागाच्या कडेला तेल पुसायचं फडकं लोंबताना दिसलं. निळ्या-पांढऱ्या चौकडीचं. त्या ताग्यांची फडकी अजून सगळीकडे होती, पाच महिने मी त्यांच्यावरून रोज जात होते. मी ते उचललं. टेबलावर आणून ताणून बसवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच खुणेवर पट्टी लावली. मग काटकोनाचा गुण्या आणून लावला. तेलाने काळं झालं होतं तरी रेघ न् रेघ काटकोनात होती. दुसरं फडकं आणलं. तेही सरळ. तिसरं. कापडात कसलाही दोष नव्हता. असली चौकडी सरळ विणायला हात लागतो, आणि तो हात मी कांड्या भरायला पाठवला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यातही चोर खुर्चीवर बसून निवाडा करत होता.

मी तिन्ही फडकी घेऊन मास्तरांसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. चक्कर, अर्धशिशी, दोन डॉक्टर, घरकाम. एकाच दमात.

मास्तर माणूस वाईट नाही. त्यांनी कपाळ चोळलं. “बाई, पाच महिने झाले. कुणी विचारतंय का ते? कशाला हात दाखवून अवलक्षण करताय?”

“ती विचारत होती की. पट्टी लाव म्हणाली होती.”

“मग तुम्हाला टेबलावर ठेवता येणार नाही, हे कळतंय ना तुम्हाला? आणि त्यानंतर तुम्ही खुणा केलेलंही सगळं परत बघावं लागेल.”

“कळतंय.” माझा आवाज नीट निघाला याचं मलाच नवल वाटलं.

त्यांनी कागदावर लिहून घेतलं, मी सही केली. मला गठ्ठ्यांना लेबलं लावायच्या खोलीत जायचं होतं, भोंगाला उद्यापासून सात नंबरवर. “तिला निरोप धाडतो,” ते म्हणाले. मी म्हटलं, “नको. मी सांगते.”

कांड्या भरायच्या खोलीत सात-आठ जणी होत्या. भोंगा खिडकीकडे तोंड करून तुटलेला धागा जोडत होती. पाच महिन्यांत तिचे केस बरेच पिकले होते, का मीच नीट बघितलं नव्हतं कोण जाणे. मी तिच्या मागे उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “तुझं कापड सरळ होतं. तिन्ही तागे. मला चक्कर येते, त्यात तिरकं दिसलं. मास्तरांना लिहून दिलंय. उद्यापासून तू सात नंबरवर.”

ती वळली नाही. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, “मला माहीत होतं.”

“कापड सरळ होतं हे?”

“तुला चक्कर येते हे. वर्षभर बघत होते मी. भिंत धरून चालायचीस. बाकावर बसायच्या आधी हाताने बाक चाचपायचीस. त्या दिवशी सकाळी मोरीत उलटी करताना मीच होते ना पलीकडे.”

मी म्हटलं, “मग मास्तरांसमोर बोलली का नाहीस? एवढंच म्हणायचं होतं, हिला घेरी येते. माग राहिला असता तुझा.”

“आणि तुझं टेबल गेलं असतं,” ती म्हणाली. “मी कांड्या भरून घरी गेले तरी घर भरलेलं आहे गं. सासू आहे, पोरं आहेत, ते मेलं मांजर आहे. तुला ते टेबल सोडून कोण होतं?”

खोलीतल्या बायका हातातली कामं तशीच धरून उभ्या होत्या.

“मग पाच महिने बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“तू मला सांगशील म्हणून थांबले होते. एकोणीस वर्षं शेजारी बसून जेवले. मला सांगायला काय झालं होतं?”

मी कानाचं कानाला सांगितलं, डोक्याचं डोक्याला सांगितलं, आणि जिला दोन्ही सांगता आलं असतं तिला काहीच नाही. मला रडू फुटलं. सव्वीस वर्षांत कारखान्यात कुणी मला रडताना बघितलेलं नाही, आणि आता सात-आठ जणी बघत होत्या. मी हुंदके देत तिथेच उभी राहिले.

भोंगाने अजूनही मागे वळून बघितलं नाही. पुढची कांडी चढवली, मशीन चालू केलं, आणि फाटकावरच्या वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “रडू नकोस अशी, डोकं उठेल तुझं.”